परत आलेली पत्रिका

पत्रिका नवव्यांदा परत आली,
घडीवर कुणाच्या तरी चहाचा डाग.
खळ लावून कॅनव्हासला डकवली.

पिवळा संपला होता.
सांगलीच्या यार्डातून हळद आणली, राजापुरी, पसाभर;
हात दोन दिवस नवरीसारखे.

आठव्या घरात मंगळ. तिथं कपाळ काढलं.
राहूला धड नाही, केतूला डोकं,
दोघांच्या मधे माझी मान काही बसेना.

मग सूर्याची बायको आठवली,
सावलीला संसारात ठेवून
निघून गेलेली.

सावलीच रंगवली. काजळीनं.
चूल, परात, पोरं, सगळं तिच्या ओटीत.

फ्रेमवाले मुजावरचाचा चष्मा पुसत म्हणाले,
"झ्याक. पण तुम्ही कुठं आहात ह्यात?"

बारावं घर कोरंच होतं.
कडेला दोन पावलं हळदीची,
बाहेर जाणारी.