उचललेली टोकं

गुलमर्गला निघायला अजून सोळा दिवस,
आणि मला धीर नव्हता.
पहाटे तीनला ससून डॉकवर,
बर्फाच्या कारखान्यामागच्या उतारावर
मेघनाथकाकांनी चार पाट्या चुरा ओतून दिला.
"पापलेटांच्या वाटचा आहे हा. आटप लवकर."

चुऱ्यावर स्की तरंगल्या. खरंच.
चार हात, फार तर पाच,
पण पुढचं टोक वर राहिलं,
पोहणाऱ्या कुत्र्याच्या नाकासारखं.

मग लादीवर. अख्खी, निळसर, टोच्या न लागलेली.
तिथे दोन्ही टोकं हवेतच फडफडली,
पायाखालचा वीतभर भाग तेवढा चावला,
आणि मी थेट कोळंबीच्या टोपल्यांत.

हसल्या सगळ्याजणी. सोलायच्या थांबल्या नाहीत.

शेवटी गटारापाशी साचलेली रबडी:
मीठ, खवले, डिझेल, अर्धवट वितळलेलं पाणी.
असला बर्फ कुठल्याच डोंगरावर पडत नसेल,
पण वळण जमलं ते त्याच्यावरच.
डावीकडे. एकदाच.

काकांनी एक स्की उलटी धरली,
एक डोळा मिटून तळावरून अंगठा फिरवला,
नव्या होडीचा बाक पाहतात तसा.
"नाळ उचललीय. मागूनपण उचललीय.
मऊ पाण्यात पळेल ही.
कडक लाटेला जप."

काकांनी बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही.
रोज दोनशे लाद्या फोडतात.

घरी न्हाणीत तीनदा धुतल्या, लिंबू लावून.
उपयोग नाही.
गुलमर्गची सगळी मांजरं
आता माझ्या मागून उतरणार.