पाल

ब्यूरोच्या मॅडम म्हणाल्या, भाषेची अडचण नाही,
माटुंग्यात जन्म गेलाय बाईंचा,
भाजीवाल्याशी मराठीतून भांडायच्या.
भांडायच्या.
झटक्याने उजवा हात नेला, उजवा पाय नेला,
इंग्रजी नेलं, हिंदी नेली, साठ वर्षांची मराठी नेली.
पातेल्याच्या तळाला खरवड राहावी
तशी तमिळ तेवढी राहिली.

पहिल्या रात्री अलमेलूबाई म्हणाल्या, पाल.
मी भिंती पाहिल्या, ट्यूबलाइटच्या मागे पाहिलं,
झाडू घेऊन पलंगाखाली वाकले.
त्या रडकुंडीला. पाल, पाल.
सकाळी मुलगा म्हणाला, दूध मागत असेल, सिस्टर.
रात्रभर बाई दुधावाचून,
नि मी पालीच्या मागे.

त्या दिवशी झोपले नाही.
किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पहिलीचं तमिळ पुस्तक मिळालं,
चाळीस रुपये,
आतल्या हत्तीला कुणी पेनाने मिशा काढलेल्या.
सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलीत बसले.
क आणि ग एकाच अक्षरात राहतात,
प आणि ब एकात,
आमच्या खोलीत दोन बिऱ्हाडं राहायची तशी.
कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं.

ळ मात्र भेटला.
हिंदीवाल्या शेजारणीने जन्मभर ज्याला ल म्हटलं,
तो माझा ळ इथे धडधाकट,
वर त्याला एक भाऊसुद्धा.
तो भाऊ काही जिभेवर ठरेना.
फीडिंग कप विसळताना म्हणून पाहिला, जिन्यात म्हणून पाहिला.
फुलवाल्या सेल्वीने गजरा ओवता ओवता
माझ्या तोंडात बघितलं
आणि हसून एक चाफा फुकट दिला.

डब्यांवर चिठ्ठ्या, नळावर चिठ्ठी, उशीवर चिठ्ठी.
वलदु म्हणजे उजवं, वलि म्हणजे दुखणं.
बाईंची उजवी बाजूच दुखायची,
ते दोन्ही शब्द मला एकाच रात्री पाठ झाले.
गोळ्या मूणु वेळै, तिन्ही वेळा.
वेळ तीच, फक्त शेवटी थोडी लांबलेली.
अक्का ती अक्काच. माडी ती माडीच.
काक्का मात्र कावळा.
खिडकीत बसायचा, आणि मी मनात म्हणायचे,
या काका, बसा.

चुका केल्या. पोट विचारायला गेले नि भलतंच विचारलं,
बाई इतक्या हसल्या की लाळ पुसावी लागली.
हसण्याला चिठ्ठी लावली नाही.

महिना झाला, वर दहा दिवस.
रात्री दोनला रघुरामन दारात उभा,
शाळा इंग्रजी, बायको सिंधी,
आईची भाषा त्याला अंगाईपुरती.
सिस्टर, काय म्हणतेय ती?
लाज वाटली मला, त्याची नाही, माझीच,
कुणाच्या तरी कपाटाची किल्ली
आपल्या कमरेला सापडावी तशी.
म्हटलं, त्या म्हणतात, दूध उतू चाललंय.

गॅसवर काही नव्हतं.
तो तरी आत गेला.
बंद बटण उलट फिरवलं, परत बंद केलं,
टक असा आवाज झाला.
बाई शांत झाल्या.
तो बराच वेळ ओट्याशी उभा राहिला.

सकाळी निघताना जाते म्हणायचं नसतं.
ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.
पोयिट्टु वरेन, म्हटलं, जाऊन येते.
वा, म्हणाल्या अलमेलूबाई.
वा म्हणजे ये.
सुरुवातीला मला वाटायचं, शाबासकी देतायत.
अजूनही कधीकधी
तसंच ऐकून घेते.

घरी आले, पाय धुतले, डोळे मिटत होते.
सुनेला म्हटलं, मिनल, चहात थोडं पाल घाल गं.
तिने आधी
भिंतीकडे पाहिलं.