गॅलरीचा उतार

तुर्भ्याच्या गोदामामागून ऐंशी रुपयांना घेतलेलं पॅलेट
रिक्षात तिरकं कोंबून नेरूळला आणलं.
रिक्षावाला आरशातून म्हणाला,
होळीला अजून दोन महिने आहेत, मॅडम.
मी म्हटलं, स्टूल करायचंय.
एलपीच्या पुलापर्यंत मग तो काही बोलला नाही.

तीन रविवार नुसते खिळे काढण्यात गेले.
एक्केचाळीस. श्रीखंडाच्या डब्यात.
फळीवर कुठल्याशा बंदराचा निळा शिक्का,
आणि घासली की असा वास
जो माझ्या ओळखीच्या कुठल्याच झाडाचा नाही.

मी विमा कंपनीत दावे तपासते.
काय तुटलं, कशानं तुटलं, त्याचे किती.
बावीस वर्षं.
तुटायच्या आधी ती वस्तू उभी कशी होती
हे फॉर्मवर कुठंच विचारत नाहीत.

गुण्या, रंधा, पाऊण इंची पटाशी.
दुकानदारानं बिल करता करता विचारलं,
मिस्त्री कधीपासून येणार?

पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.
करवत रेघेवरून चालवायची, की अलीकडून, की पलीकडून?
मी मनाला येईल तशी चालवली.
चार पाय निघाले, चार उंचीचे.
कापलेले दोन तुकडे पुन्हा शेजारी ठेवले
तर मूळ फळीएवढे भरेनात.
मधला दीड मिलिमीटर करवतीनं खाल्लेला,
फरशीवर सांडलेला, पिवळा, मऊ.
त्याचा दावा कुणाकडे लावायचा?

खालच्या डिमेलोबाई दुपारी झोपतात.
झाडूच्या दांड्याचे दोन ठोके म्हणजे पुरे.
तीन म्हणजे वर येते.
एकदा आल्याच. भुशातून पाय उचलत,
फळीवरून हात फिरवला,
मग उलटा फिरवला.
बोटातली कुसळ आम्ही दोघींनी काढली
एकमेकींचे चष्मे लावून बघत.
तेव्हापासून ठोकाठोक चार ते सहा.

पटाशी कापेना, नुसती चेपायची.
दिवाळ्याच्या जेटीवर होड्या दुरुस्त करणाऱ्या
हरेश्वर कोळ्यांपुढे धरली.
त्यांनी अंगठा लावला. ताई, हा चमचा हाय.
दगडावर पाणी शिंपडून पंधरा मिनिटं घासली
आणि मनगटावरचे पांढरे केस तिनं भादरून दाखवले.
मजुरी घेतली नाही.
दगड मात्र दोनशेला विकला.

त्याच दगडावर रात्री रंध्याचं पातं घासलं
तर फळीची एक साल निघाली, अखंड, हातभर,
इतकी पातळ की तिच्यातून ट्यूबलाइट दिसली.
ती अजून फ्रिजवर आहे.

कुसू खाचेत जाईना. तासला.
मग इतका सहज गेला की बाहेरही सहज आला.
सरसात भुसा कालवून फट बुजवली,
ज्याला दिसेल त्याला दिसो.

गॅलरीत उभं केलं. डुगडुगलं.
एक पाय कानसला, मग समोरचा, मग पुन्हा पहिला.
पाचव्या संध्याकाळी चारही टेकले.
बसले. हललं नाही.
पाम बीचचे दिवे लागले, जेवायची वेळ टळली,
बसूनच राहिले.

मग मिरवत हॉलमध्ये आणलं
तर परत डुगडुग.
पाणसळ लावून बघितली, इथे, तिथे, ओणवी होऊन:
गॅलरीची फरशी कोपऱ्यातल्या भोकाकडे
दोन्ही अंगांनी उतरत जाते, पाणी जावं म्हणून,
कुण्या गवंड्यानं हातानं दिलेला उतार.
आणि मी तो आख्खा
चार पायांत उतरवून घेतलेला.

आता या घरात एकच जागा आहे
जिथे ते न हलता उभं राहतं.
तिथे पेन्सिलीनं चार गोल काढून ठेवलेत.

डिमेलोबाई काल म्हणाल्या,
माझ्या गॅलरीलाही तोच उतार असणार, नाही का?
चार फळ्या उरल्यात.
म्हटलं, असं कसं सांगू, मोजायला हवं,
आणि त्यांच्यामागून जिना उतरले.
पेन्सिल कानावर होतीच.