अंगठ्याचं काम

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, जिथे राणी माशाचा लगदा होतो,
तिथे वरच्या माळ्यावर माझी खुर्ची.
खाली मासे, वर जपानी.
किती टन, किती थंड, कंटेनर का उशिरा निघाला
याची माफी, दर बुधवारी,
वेगळ्या शब्दांत.

पाच वर्षं रोमनमधून जात होते.
के दाबायचा, मग ए दाबायचा, तेव्हा कुठे ‘का’ उमटणार.
म्हणजे रत्नागिरीहून पावसला निघायचं
आणि वाटेत कोल्हापूर करायचं.

ओकुमुरासान जानेवारीत येतात.
लगदा चिमटीत धरून ताणतात, हुंगतात, बोलत नाहीत.
यंदा माझ्या खुर्चीमागे थांबले.
इतकी बडबड का करतात तुझी बोटं?
पाठकोऱ्या चलनावर नकाशा काढून दिला :
तीन ओळी, एकेका घरात दोन अक्षरं,
आणि तळाशी दोन अंगठे.
नुसतं बोट पडलं तर एक अक्षर,
अंगठा बरोबर पडला तर दुसरं.
असं लिहिणारे आता थोडे उरलोत, म्हणाले,
आणि चहा न पिता गेले.

अ, का, सा, ता, ना,
त्यांची मूळ ओळ आपल्या बाराखडीची चुलत बहीण.
ह्या नकाशात ती मोडलेली.
मीठ-कोकम हाताशी, केशर वरच्या फळीवर,
तशी ही मांडणी, ज्याला रोज लागतं त्यानं केलेली.

माझ्या कीबोर्डला खाली एकच लांब पट्टी.
मग दोन बाजूंच्या ऑल्टना अंगठे नेमलं,
चिकटपट्टीवर अक्षरं लिहून डकवली.
खाऱ्या हवेनं पंधरा दिवसांत गोंद सोडला.
तोवर निम्मी पाठ, बाकीची चुकत.

‘साकाना’ म्हणजे मासा.
शेवटचा अंगठा राहिला की ‘साकाते’ होतं,
म्हणजे उलटी मूठ.
तिकडून उत्तर आलं :
चाळीस टन उलट्या मुठी मिळाल्या, आभारी आहोत.
फणसोपकर साहेब म्हणाले, जुनं चाललं होतं ना बरं?
मी काही बोलले नाही. ‘सुरिमी’ लिहून बघत होते :
सु ला नुसतं बोट,
रि ला डावा अंगठा,
मि ला उजवा.
तीन ठोके. कुठे वळसा नाही.

अंगठे दुखायला लागले.
रात्री आईनं हात हातात घेतला, उलटसुलट केला.
“ह्येला काय झालंय?”
ती अजून मिरकरवाड्यावर कोळंबी सोलते.
मानेशी अंगठा रुतवायचा, एक झटका, कवच बाजूला.
पस्तीस वर्षं.
रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही.
पूस, तेल लाव, परत ठेव. मागे रांग.
मावशी, रेषाच उरल्या नाहीत, दुकानदार म्हणतो.
सोसायटीच्या वहीत तेवढा निळ्या शाईत चालतो,
तिथे कोण रेषा बघतंय.
अंगठाबहाद्दर, असं ती स्वतःलाच म्हणते
आणि आधी स्वतःच हसते.

लॅपटॉप घरी आणला होता, बुधवारचं पत्र बाकी होतं.
म्हटलं, बघ, आपल्या आईला तिकडं काय लिहितात.
रोमनमधून चार ठोके लागायचे.
आता उजवी तर्जनी जरा डावीकडे सरकवायची,
तेच बटण, दोनदा.
हा. हा.
ह्या शब्दाला अंगठा लागत नाही.
दोन्ही रिकामे, पट्टीच्या वर, हवेत.

“हाहा?” ती म्हणाली.
“आईला हसतात काय तिकडं?”
आणि नीट दिसावं म्हणून पुढे वाकली,
अंगठा टेकला पडद्यावर, त्या दोन अक्षरांच्या खाली.
खोबरेलाचा डाग पडलाय.
पत्र गेलं. डाग आहे.