हरण्या

सकाळी साडेसहाला यायचं, ऊन तिरपं असताना.
पाचशेची नोट धरतात तसं
पान उन्हासमोर धरायचं.

चिनावलच्या शिवारात, सुकी नदीच्या अलीकडे,
साडेतीन हजार केळी, सगळी टिश्यूची.
शेनफडूआबा पुढे, मी मागे,
वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल.

पोंग्याखालचं दुसरं पान. तिसरं नाही.
पिवळेपणा सगळीकडे सारखा, शिरा तेवढ्या हिरव्या,
तर भूक आहे, लोह मागतंय झाड. घाबरायचं नाही.
पण पिवळी रेघ निघते, तुटते, पुन्हा निघते,
धुण्यात गेलेल्या चिठ्ठीसारखी,
मधली अक्षरंच नाहीत,
तर हरण्या.
हरणाचा काय संबंध, विचारलं मी.
"धरता येत नाही ना त्याले, पोरी."
दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले,
"मले काय माहीत. बापही हेच म्हणे."

करप्याचा ठिपका लांबट, डोळ्यासारखा,
मध्ये राख, भोवती पिवळी कड.
तेवढाच तुकडा कापायचा, अख्खं पान नाही,
घडाला जेवू कोण घालणार?
बुंध्यातून डिंक गळाला तर आत सोंडकिडा.
कापणी झालेलं खोड उभं चिरायचं,
रात्री पालथं घालून ठेवायचं,
सकाळी उलटून मोजायचे. आधी मोजायचे, मग मारायचे.
विळा प्रत्येक झाडानंतर ब्लीचिंगच्या बादलीत.
प्रत्येक. पाठ दुखली तरी.

बांधावर काकडीचे चार वेल होते, मीच लावलेले.
मावा तिथं झोपतो, इथं जेवायला येतो.
आबांनी वेलांना हात लावला नाही.
नुसते उभे राहिले माझ्याकडे बघत,
पहिली काकडी बोटाएवढी झाली होती.

पोळ्यानंतर आबा पान नाकाशी धरू लागले.
फैजपूरच्या डॉक्टरांनी डोळ्याला
दिवाळीनंतरची तारीख दिली.
तोवर हिरवं काय नि पिवळं काय,
सगळं ताकातून बघितल्यासारखं.
हे त्यांनी मला सांगितलं नाही,
त्यांच्या सुनेनं सांगितलं, पिठाच्या गिरणीत.

अकरावी ओळ, सव्विसावं झाड.
आबा थांबले, पान उन्हासमोर धरलं.
"सोनं आहे," म्हणाले, आणि पुढं गेले.
मी पाहिली रेघ.
निघत, तुटत, पुन्हा निघत.
वहीत ११/२६ लिहिलं.
त्यापुढे काही लिहिता येईना.
पेन्सिलीला टोक होतं तरी.

रात्रभर मावा चालत राहिला डोक्यात,
पंख फुटलेला,
एका झाडावरून शेजारच्या, तिथून पलीकडच्या,
पार सावद्याच्या रस्त्यापर्यंत.

पहाटे फावडं घेऊन गेले,
तर सव्विसावं झाड जागेवर नव्हतं.
आजूबाजूची पानं फवाऱ्यानं ओली,
आधी मावा मारला, मगच झाड हलवलं,
नाहीतर तो उडून शेजारी जातो.
बांधापलीकडे दोन हात खोल खड्डा बुजवलेला,
कंदासकट पुरलेलं, वर चुना.
आबा बादलीत विळा बुडवत बसलेले,
धोतराला चिखल गुडघ्यापर्यंत.

"दिसलं तर नव्हतंच मले," म्हणाले.
"तुझं पाऊल थबकलं, ते ऐकू आलं."
विळा झटकला. पुन्हा बुडवला.
"पुढल्या वेळी पायानं नको सांगू.
तोंडानं सांग."

बारावी ओळ बाकी होती.
आबा उठले, आणि बाजूला झाले,
बांधावर कुणाला वाट द्यावी तसे.