सूत

साडेआठ इंच रुंदी, पस्तीस ऑफसेट:
आकडे मी पाठ केले होते
शाळेत पाढे केले तसे, अर्थ पुढे कधीतरी कळेल म्हणून.
कंपनीची चाकं सात इंची, ऑफसेट पंचेचाळीस.
वाईट नव्हती. फक्त मडगार्डच्या आत
अशी उभी, जणू त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

हिंगणा रोडला गुलाब निनावेंचं दुकान.
पत्र्याचं छप्पर, मे महिना, शेहेचाळीस डिग्री.
पाना उचलण्याआधी ते पान्यावर पाणी मारतात.
माझी दोन दारांची लाल गाडी पाहून
आधी वाकले, मग उकिडवे बसले,
मग पोत्यावर सरळ आडवेच झाले.
"किती खाली बसवली?"
"चाळीस मिलिमीटर."
"अन् ब्रेकर आला का काय करते हे? नमस्कार?"

फरशीवर वंगणाच्या बोटानं चाक काढलं,
चाकाची मधली रेघ,
आणि जिथे चाक हबला टेकतं ती दुसरी.
"या दोघींतलं अंतर म्हंजे ऑफसेट.
आकडा कमी केला का चाक बाहेर निंगते.
रुंदी मात्र दोन्हीकडं वाढते, तिले काय, दोन्ही घरं तिचीच.
तुमचं चाक बाहेर एकोणतीस जाईन, आत नऊ.
जागा हाय का तेवढी?"

त्यांच्याकडे ओळंबा नव्हता.
माझ्या पर्समध्ये दोरा होता, खाकी, चाळीस नंबर.
मी शाळांचे गणवेश शिवून घेते, अठरा मशिनी आहेत;
बाहीत अर्धा इंच दाब ठेवायचा, पोरं वाढतात,
हे मला कुणी शिकवायला नको.
तरी गाडी घेताना दाब ठेवायचं विसरले.

दोऱ्याला नट बांधला, मडगार्डच्या काठाला धरला.
नट हलला, हलला, थांबला.
बावीस.

"कड आतून दुमडता येते म्हणे," मी म्हटलं.
"येते. रंगही तडकते.
आठ इंच घ्या, अडतीस ऑफसेट. बाहेर वीस."
म्हणजे दोन उरतात. सुताहूनही कमी.
"आता सांगा, बाजूले कोन बसते?"

कुणीच नाही, म्हणणार होते.
तीन वर्षं त्या सीटवर कापडाचे नमुने बसतात.
"आई," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.
"मग आईले आणा. रिकाम्या गाडीचं माप खोटं असते."

आई रेशीमबागेतून ई-रिक्षानं आली,
छत्री, पाण्याची बाटली, एक गुडघा नवा, एक जुना.
गाडीभोवती फिरली.
"हिच्यात बसाचं का निजाचं?"
मग छताला धरून, विहिरीत पाय सोडावा तशी
हळूहळू आत गेली.

गाडी दबली. वरचं बोटभर अंतर अर्धं झालं.
मी डोळे मिटले.
निनावे पुन्हा आडवे. दोरा. नट.
"तेवीस."
"कमी व्हायला हवं होतं ना?"
"गाडी दबली का चाकाचं डोकं आत झुकते.
वजनानं वरून जागा खाल्ली, बाजूनं दिली."
आणि उठून हात पुसत,
"घ्या, जुळलं सूत."

ऑर्डर दिली. चाकं यायला बारा दिवस.
आईला बाहेर काढायला दोघं लागलो असतो,
पण ती निघेचना. "एसी लाव," म्हणाली.
मग तशीच घरी निघालो, जुन्याच चाकांवर,
मडगार्डला खाकी दोरा लोंबत राहिलेला,
आणि छत्रपती चौकापर्यंत प्रत्येक ब्रेकरला
आई, जिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही,
"तिरपी घे वं. तिरपी घे."