तेरा, बहुतेक

लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटातून
बंदेनवाजनी माझ्या टेबलावर पाच खवले ओतले,
पाणीपुरीच्या पुरीएवढे, कडेला अजून शेवाळाचा वास.
"मासा?"
"सोडला. एवढ्या वयाच्याला कोण कापतंय?"

वय विचारायलाच आले होते मिरजेहून,
दुकान पोरावर टाकून.
हरिपुरात, वारणा कृष्णेत शिरते तिथल्या डोहात
पहाटे गळाला महसीर लागला,
आणि त्यांनी तो सतारीच्या तारेने मोजला,
खिशात दुसरं काही नव्हतं म्हणून.
तोंडापासून शेपटीपर्यंत एक तुकडा,
पाठीपोटाभोवती दुसरा.

एक्केचाळीस इंच. घेर बावीस.
घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले आठशे:
मी फळ्यावर मांडलं. पंचवीस पौंड, किंचित कमी.
"ते वजन झालं," ते म्हणाले. "वय सांगा म्याडम."

खवला साबणाच्या पाण्यात घासला,
दोन काचांमध्ये दाबला, खालून दिवा लावला.
मासा वाढतो तसा खवलाही वाढतो, कडेकडेने.
पोटभर मिळालं की ओळी ऐसपैस,
उपाशी महिन्यांत एकमेकींना खेटून.
खेटलेली जागा आली की वर्ष सरलं म्हणायचं.
थंड मुलखातल्या ट्राउटचं बरं असतं,
पाणी गोठायला येतं, रेघ ठसठशीत उमटते.
आमची थंडी स्वेटर धुऊन वाळेस्तोवर संपते.
इथे कधी उन्हाळा रेघ ओढतो, कधी विणीचा हंगाम,
कधी धरणाचा बंद दरवाजा.
वीस वर्षं पेन्सिलीने टिंबं देतेय,
तरी आतून मोजलं की एक, बाहेरून मोजलं की दुसरंच.

कडेपासून पाचवा पट्टा भलताच रुंद.
"हा पुराचा," मी म्हटलं.
आम्ही तेव्हा शाळेच्या गच्चीवर
बिस्किटांच्या पुड्यांची वाट बघत;
आणि हा बहुतेक आमच्याच गल्लीत
वाण्याची ज्वारी खात हिंडत होता.
बंदेनवाज हसले, मग हसायचे थांबले.
गोदामातले सतारीचे भोपळे गेले होते त्यांचे,
तरंगत, एकामागून एक.

"तेरा," शेवटी मी म्हटलं. "बहुतेक.
एखादं इकडेतिकडे."

त्यांनी मान हलवली.
"अब्बांच्या हातून सुटला होता, ह्याच डोहात.
मी सात वर्षांचा. दोरी तुटली, गळ ओठातच राहिला.
ह्याच्या ओठाला जुनी चीर आहे. बोट घालून बघितलं मी."

माणूस साठीचा. हिशोब मनातच झाला.
महसीर एवढा जगत नाही, सांगायला तोंड उघडलं
आणि हाताला काम हवं म्हणून
दुसरा खवला काचेखाली सरकवला.
मध्यभागी काही नाही. धुकट, खरबरीत, कोरं.
तिसरा तसाच. चौथा, पाचवाही.

होतं असं. खडकाला घासून, पाणमांजराच्या दाताने
खवला गळून पडतो. त्या जागी नवा येतो,
घाईघाईने आधीच्या मापाचा होतो
आणि तिथून पुढची वर्षं तेवढी नोंदवतो.
असले खवले आम्ही वहीत धरत नाही.

"ह्याच्यावर किती?"
"ह्याच्यावरून सांगता येत नाही."
"म्हणजे कितीही?"

मी दिवा बंद केला.
वहीत लिहिलं: हरिपूर, लांबी, घेर, वय तेरा,
पुढे प्रश्नचिन्ह, ते जरा मोठंच पडलं.
वाचता आला तो खवला मी ठेवून घेतला.
कोरे चार त्यांनी रुमालात बांधले.
तारांपैकी लांब तेवढी गुंडाळली,
"ही अजून चढेल एखाद्या सतारीवर," म्हणाले,
"आखूड असू दे तुमच्याकडे."